कोंबडा की तलंग? एका साध्या प्रश्नाचा अडीच हजार वर्षांचा इतिहास

१/
जत्रेत किंवा आठवडी बाजारात एक दृश्य हमखास दिसते. पुठ्ठ्याच्या खोक्यात गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली कोंबडीची पिल्ले चिवचिवत असतात आणि भोवती मुलांचा गराडा पडलेला असतो. हट्ट करून घरी आणलेली ही पिल्ले बहुतेकदा चार-आठ दिवसांत दगावतात. जे एखादे जगते, त्याचा रंग पिसे बदलताच नाहीसा होतो आणि चार-पाच महिन्यांनी ते बहुधा आरवू लागते. त्यातून तलंग निघाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

हा निव्वळ योगायोग नसतो. ते पिल्लू एका दिवसाचे असतानाच कोणीतरी त्याला हातात घेऊन ‘नर’ म्हणून बाजूला काढलेले असते.

२/
पिल्लू कोंबडा होणार की कोंबडी, हे माणसाला केव्हा कळते? प्रश्न परसदारातला वाटतो. पण त्याच्या उत्तराला ॲरिस्टॉटलपासून जर्मनीच्या न्यायालयापर्यंतचा इतिहास आहे. त्यात एका कोंबड्यावर चाललेला खटला आहे, केंब्रिजचे आनुवंशिकी शास्त्रज्ञ आहेत, टोकियोचे पशुवैद्यक आहेत आणि अमेरिकेतील छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे तरुण आहेत.

या इतिहासाचा धागा एकच आहे: ओळखण्याची वेळ क्रमाक्रमाने अलीकडे येत गेली. प्रथम पाच महिने, मग पाच आठवडे, मग एक दिवस आणि आता अंडे फुटण्याच्याही आधी.

३/
आरंभ निसर्गापासून करू. आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. त्याची पिल्ले तपकिरी पट्ट्यांची असतात आणि त्यांत नर-मादी सारखेच दिसतात. पाचोळ्यात दडून राहायचे असेल, तर भावाने बहिणीहून वेगळे दिसण्यात लाभ काहीच नाही. धोका मात्र आहे. नराचा भडक तुरा आणि झळझळीत पिसारा वयात आल्यावरच उपयोगी पडतो, म्हणून तो तेव्हाच येतो.

पाळीव कोंबडीने हा वारसा पुढे चालवला. माणसाची अडचण इथूनच सुरू झाली.

४/
अडचण कशासाठी? खुराड्याचा हिशेब साधा होता. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरेशा. अधिक कोंबडे राहिले की मारामाऱ्या, रक्तबंबाळ तुरे आणि दाण्याची नासाडी. कोंबडी अंडी देणार, पुढे खुडूक होऊन रवणीला बसणार आणि नवी पिढी काढणार. म्हणून तलंग राखायची. कोंबड्याची वाट वेगळी. तो पाहुण्याच्या ताटात जायचा, बाजारात विकला जायचा, कोकणात राखणीला किंवा देवाच्या नवसाला लागायचा.

म्हणजे हे ओळखणे निव्वळ कुतूहलाचे नव्हते. कोणाला राखायचे आणि कोणाला काढायचे, हा निर्णय त्यावर अवलंबून होता.

५/
या घाईपोटीच अंड्यावरून अंदाज बांधण्याचे प्रयत्न फार प्राचीन काळी सुरू झाले. इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात लिहिले, की लांबट, टोकदार अंड्यांतून माद्या निघतात आणि गोलसर अंड्यांतून नर. पुढे पहिल्या शतकात कॉलुमेला या रोमन कृषिलेखकाने नेमका उलटा सल्ला दिला: नर हवे असतील तर लांबट अंडी रवणीला घाला, माद्या हव्या असतील तर गोल.

दोघेही नामवंत आणि दोघांचेही वाचक शतकानुशतके होते. वस्तुतः अंड्याच्या आकाराचा पिल्लाच्या लिंगाशी संबंध नाही. तो आकार अंडे देणाऱ्या कोंबडीवर अवलंबून असतो.

६/
तरीही अशा समजुती टिकल्या. अनेक देशांत दोऱ्याला सुई किंवा अंगठी बांधून ती अंड्यावर धरत. ती गोल फिरली तर एक, सरळ झुलली तर दुसरे. अशा समजुती का टिकतात, याचे उत्तर गणितात आहे. शक्यता दोनच असताना डोळे मिटून केलेला अंदाजही निम्म्या वेळा बरोबर ठरतो. बरोबर ठरलेले लोक सांगत सुटतात, चुकलेले विसरून जातात.

शंभरातले पन्नास बरोबर येणे हे ज्ञान नव्हे, हे लक्षात ठेवू. पुढे आकडे येतील, तेव्हा ते या पन्नासाशी ताडून पाहावे लागतील.

७/
मोठ्या पक्ष्याबाबत तरी खात्री होती का? स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात १४७४ साली एका कोंबड्यावर खटला चालला. आरोप असा, की त्याने अंडे घातले. कोंबड्याच्या अंड्यातून नजरेने ठार करणारा विषारी सर्प जन्मतो, अशी युरोपात तेव्हा धारणा होती. कोंबडा दोषी ठरला आणि त्याला अंड्यासह जाळण्यात आले.

या घटनेला हसणे सोपे आहे. पण ‘कोंबड्याने’ अंडे घातले, ही नोंद तितकीशी अशक्य नाही. चूक बहुधा डोळ्यांची नव्हती, अर्थ लावण्याची होती.

८/
कोंबडीच्या शरीरात सामान्यतः डाव्या बाजूचे एकच अंडाशय काम करते. उजवीकडचे अविकसित राहते. रोगाने डावे निकामी झाले, तर उजवीकडचा अवयव वाढू लागतो आणि कधी वृषणासारखे रूप घेतो. मग कोंबडीचा तुरा वाढतो, पिसारा पालटतो, ती आरवूही लागते. १९२३ साली एडिनबरोच्या फ्रान्सिस क्रू यांनी तर, पूर्वी अंडी देणारी एक कोंबडी पुढे पिल्लांचा बाप झाल्याचे नोंदवले.

आरवणाऱ्या कोंबडीला अपशकुनी मानून मारून टाकण्याची रीत अनेक समाजांत होती. बिचारी आजारी असे.

९/
तुरा आणि आरवणे यांचे मूळ शोधण्याचा मान जर्मनीतील गोटिंगेनच्या आर्नोल्ड बर्टहोल्ड यांचा. १८४९ साली त्यांनी सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. सर्वांची वृषणे काढली. दोघांना तसेच सोडले. उरलेल्या चौघांच्या पोटात एकेक वृषण पुन्हा बसवले, काहींना स्वतःचे तर काहींना दुसऱ्याचे. पहिले दोघे फिकट तुऱ्याचे, शांत राहिले. चौघे मात्र आरवले, भांडले, कोंबड्यांच्या मागे लागले.

मूळ मज्जातंतू तुटलेले असूनही परिणाम झाला. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात मिसळत होते. संप्रेरकशास्त्राचा आरंभ अनेकदा याच प्रयोगापासून मानला जातो.

१०/
पुढील संशोधनाने आणखी एक विलक्षण गोष्ट उघड केली. कोंबड्याचा तुरा पुरुष-संप्रेरकाने वाढतो. पण त्याचा डौलदार पिसारा मात्र त्याने येत नाही. तो पिसारा हेच मूळ रूप आहे. कोंबडीचे अंडाशय काढले, तर तिलाही कोंबड्यासारखी पिसे फुटतात. म्हणजे स्त्री-संप्रेरक पिसांना साधे, गोलसर रूप देते. ते नसेल तर पिसारा आपोआप भरदार होतो.

इंग्लंडच्या सेब्राइट जातीचे कोंबडे मुळातच कोंबडीसारखे पिसलेले असतात. त्यांच्या त्वचेत पुरुष-संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर होते. अशा जातीत पिसे पाहून निवाडा करणारा हमखास फसतो.

११/
आता परसदारातील निरीक्षणे या शास्त्राशी जुळवून पाहता येतात. पाच-सहा आठवड्यांच्या सुमारास एकाच रवणीतल्या काही पिल्लांचा तुरा लालसर आणि जाड होऊ लागतो, चोचीखालचे मांसल लोळे दिसू लागतात, पाय दणकट भासतात. ही नरांची पहिली चाहूल. बहिणींचा तुरा त्या वयात फिकट आणि लहान असतो.

यात एक पथ्य पाळावे लागते. तुलना एकाच वयाच्या आणि एकाच जातीच्या पिल्लांत करायची. मोठ्या तुऱ्याच्या जातीतील तलंगसुद्धा लहान तुऱ्याच्या जातीतील कोंबड्याला मागे टाकते.

१२/
अधिक भरवशाची खूण तीन महिन्यांच्या आसपास येते. पिल्लू हाती घेऊन मान आणि कंबर या दोन ठिकाणची पिसे पाहावीत. नराची पिसे लांब, निमुळती, टोकदार आणि चकाकणारी. मादीची रुंद, टोकाशी गोल. थोड्याच दिवसांत नराच्या शेपटीत कोयत्यासारखी वळलेली पिसे दिसू लागतात. मग एका पहाटे घोगरा, अर्धवट आरव ऐकू येतो आणि वाद मिटतो.

पिल्लू धीट आहे म्हणून नर, भित्रे आहे म्हणून मादी, हा ठोकताळा मात्र फारसा कामाचा नाही. धीट तलंगा पुष्कळ असतात.

१३/
हजारो वर्षे माणसाचे ज्ञान इथवरच होते. पिल्लांमागे आई फिरत होती, ती उकिरडा उकरून स्वतःचे पोट भरत होती आणि त्यांना वाढवण्याचा खर्च जवळजवळ नव्हता. म्हणून वाट पाहणे परवडत होते. कोंबडा अखेर कापला जाई, हे खरे. पण त्याआधी त्याला पाच-सहा महिन्यांचे आयुष्य मिळे: ऊन, माती, धुळीत लोळणे आणि पहाटेचे आरवणे.

माणसाचे अज्ञान हेच त्याचे संरक्षण होते, असे म्हणता येईल.

१४/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र बदलले. मोठी उबवणी यंत्रे आली आणि हजारो पिल्ले आईविना जन्मू लागली. पिल्लू अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी उरलेला बलक पोटात ओढून घेते, त्यामुळे ते दोन-तीन दिवस दाणापाण्याविना तग धरते. अमेरिकेत हे ओळखून एका दिवसाची पिल्ले दूरवर पाठवण्याचा व्यापार उभा राहिला. १९१८ साली तेथील टपाल खात्याने त्यांची पार्सले स्वीकारायला सुरुवात केली.

पण शंभर पिल्ले मागवणाऱ्या अंडीउत्पादकाच्या हाती सुमारे पन्नास कोंबडे पडत. दाणा विकतचा, जागा विकतची. आता वाट पाहणे परवडेनासे झाले.

१५/
पहिले उत्तर आले आनुवंशिकीतून. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी १९०२ साली दाखवले ते कोंबड्यांच्याच आधारे. त्यांचे सहकारी रेजिनाल्ड पनेट. शाळेत जीवशास्त्र शिकताना काढावा लागणारा ‘पनेटचा चौकोन’ यांचाच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्यटंचाई असताना पनेट सरकारी अन्नोत्पादन विभागात काम करत होते. नको असलेल्या नरांना दाणा घालणे थांबले, तर धान्य वाचेल, हा विचार त्यांनी तिथे मांडला.

प्रश्न होता तो ओळखण्याचा. उत्तर त्यांनी रंगात शोधले.

१६/
पक्ष्यांत लिंगाचा निवाडा आईकडून होतो. नराला ‘झेड’ गुणसूत्रे दोन, एक आईचे आणि एक बापाचे. मादीला ‘झेड’ एकच, तेही बापाकडून. पिसांचे काही रंग याच गुणसूत्रावर असतात. रुपेरी रंग सोनेरीवर मात करतो. आता सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी यांची जोडी लावली, तर काय होईल? मुलग्यांना आईचा रुपेरी रंग मिळेल, मुलींना फक्त बापाचा सोनेरी.

मातृमुखी पुत्र आणि पितृमुखी कन्या, असे मराठीत ज्याचे कौतुक होते, ते इथे अक्षरशः घडते. पिल्लू ओले असतानाच रंगावरून निकाल लागतो.

१७/
या युक्तीची मर्यादा अशी, की ती एकाच पिढीपुरती चालते; पुढच्या पिढीत रंगांची सरमिसळ होते. म्हणून पनेट आणि मायकेल पीझ यांनी पट्टेरी पिसांच्या गुणाचा आधार घेऊन १९२० च्या दशकाअखेर ‘कँबार’ ही जात तयार केली. पट्टेरीपणाचा गुण नरात दुप्पट आणि मादीत एकेरी असतो, त्यामुळे नर पिल्लांची लव फिकट दिसते आणि माद्यांची गडद. ही खूण प्रत्येक पिढीत टिकते. पुढे ‘लेगबार’ ही जात याच वाटेने आली.

शास्त्र सुंदर होते. पण बाजारात मान होता तो पांढऱ्या लेगहॉर्नला, आणि त्या पिल्लांत रंगाचा काहीच इशारा नव्हता.

१८/
दुसरे उत्तर जपानमधून आले. टोकियोचे प्राध्यापक कियोशी मासुई आणि त्यांचे सहकारी जुरो हाशिमोतो यांनी पिल्लाच्या विष्ठाद्वाराच्या आतील रचना बारकाईने तपासली. नर पिल्लात तिथे टाचणीच्या डोक्याएवढा एक उंचवटा असतो, संभोगेंद्रियाचा अवशेष. हे शोधकार्य १९२० च्या दशकात जपानीत प्रसिद्ध झाले आणि १९२७ साली कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत जगापुढे आले. १९३३ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले.

ऐकायला सोपे वाटते. पण अनेक मादी पिल्लांतही तसाच लहानसा उंचवटा असतो. तो भरीव आणि गोल आहे की चपटा, हे क्षणार्धात ठरवायचे.

१९/
तरबेज कारागीर तासाला आठशे ते बाराशे पिल्ले पाहतो आणि शंभरांत अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरतो. पन्नास टक्क्यांच्या नशिबाशी हा आकडा ताडून पाहावा. ‘काय पाहून ओळखलेत?’ असे विचारले तर अनेकांना ते नीट सांगता येत नसे. म्हणून तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ हे उदाहरण ‘अव्यक्त ज्ञाना’साठी वारंवार देतात.

१९८७ साली बीडरमन आणि शिफ्रार या संशोधकांनी या गूढाला थोडा धक्का दिला. नवख्यांना छायाचित्रे दाखवली, तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली. नेमके कुठे आणि काय पाहायचे, याची एक पानभर सूचना वाचल्यावर तेच प्रमाण ८४ टक्क्यांवर गेले. उरलेले अंतर मात्र हातांच्या सरावाचेच.

२०/
या कौशल्याने माणसांचा इतिहासही बदलला. १९३० च्या दशकात जपानी तज्ज्ञ कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने जपानी स्थलांतर बंद केले होते; कॅलिफोर्नियात १९१३ पासून जपानी स्थलांतरितांना शेतजमिनीची मालकी नाकारली होती. अशा देशात तिथेच जन्मलेल्या जपानी वंशाच्या तरुणांनी ही विद्या शिकून घेतली. एस. जॉन निट्टा यांची ‘अमचिक’ संस्था त्यांना प्रशिक्षण देई.

ज्यांना इतर नोकऱ्यांची दारे बंद होती, त्यांच्यासाठी उबवणी केंद्रांचे मालक गाड्या पाठवू लागले. मोबदला चांगला मिळे आणि मानही.

२१/
मग १९४२ उजाडले. पर्ल हार्बरनंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले गेले. त्यांत बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. परंतु युद्धकाळात अंड्यांची गरज वाढली होती आणि पिल्ले निवडणारे हात तर छावणीत अडकले होते. तेव्हा अशा अनेक कारागिरांना कामासाठी बाहेर सोडण्यात आले. मध्य आणि पूर्व अमेरिकेतील उबवणी केंद्रांत ते कामाला लागले.

सरकारला ज्यांच्या निष्ठेचा भरवसा नव्हता, त्यांच्या बोटांवर देशाचा अंड्यांचा पुरवठा विसंबून होता.

२२/
पुढे या धंद्यात कोरियन स्थलांतरितही आले. २०२० चा ‘मिनारी’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातील आईवडिलांचे काम आठवेल: समोर पिल्लांची पेटी, दोन्ही हात चालू, नर एकीकडे आणि माद्या दुसरीकडे. उबवणी केंद्राच्या धुराड्यातून धूर निघताना लहान मुलगा पाहतो आणि वडिलांना त्याविषयी विचारतो. त्या धुराचे उत्तर, म्हणजे नर पिल्लांचे काय होते, हाच या इतिहासाचा अंधारा भाग आहे.

२३/
दुसऱ्या महायुद्धापूर्वी अंड्यांच्या कोंबडीचा भाऊ निदान खाण्यासाठी वाढवला जाई. १९४० च्या दशकात अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा भरली. भरपूर मांसाच्या, झपाट्याने वाढणाऱ्या जातींचा शोध तिने घेतला. तेव्हापासून मांसाची कोंबडी आणि अंड्यांची कोंबडी या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगी पुरेसे मांसही भरत नाही. त्याला वाढवणे तोट्याचे.

म्हणून पहिल्याच दिवशी ओळखलेला नर पहिल्याच दिवशी मारला जाऊ लागला, वायूने किंवा यंत्रात. जगभरात हा आकडा वर्षाला सुमारे ७०० कोटींच्या घरात असल्याचा अंदाज दिला जातो.

२४/
जत्रेतल्या त्या रंगीत पिल्लांचे कोडे इथे सुटते. अंड्यांच्या जातीची पिल्ले काढणाऱ्या केंद्रांतून बाजूला काढलेले नर कवडीमोलाने विकले जातात आणि त्यांतलेच काही रंगवून मुलांच्या हाती येतात. गुलाबी रंगाखाली असते ते हिशेबातून वगळलेले पिल्लू.

मासुईंनी पिल्ले मारण्यासाठी संशोधन केले नव्हते. पनेट यांना उपाशी देशाचे धान्य वाचवायचे होते. छावणीतल्या तरुणांना पोट भरायचे होते. यांतला कोणीही क्रूर नव्हता, आणि तरीही परिणाम हा झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे हे वळण आहे.

२५/
या वळणावर पुढचे पाऊल जर्मनीत पडले. २०१९ साली लायपझिगच्या संघराज्य प्रशासकीय न्यायालयाने निर्णय दिला, की केवळ आर्थिक कारण हे नर पिल्ले मारण्याचे कायमचे समर्थन होऊ शकत नाही; पर्याय येईपर्यंत तात्पुरती मुभा राहील. १ जानेवारी २०२२ पासून तिथे बंदी आली आणि पुढे फ्रान्सनेही तोच मार्ग धरला.

पर्याय म्हणजे अंड्यातच ओळखणे. एका पद्धतीत कवचाला लेझरने सूक्ष्म छिद्र पाडून द्रवाचा थेंब तपासतात. दुसरीत तपकिरी अंड्यांच्या जातींत प्रकाशाच्या साहाय्याने तेराव्या दिवसाच्या सुमारास आतल्या पिसांचा रंग पाहतात. पनेट यांच्या काळातील तेच सोनेरी-रुपेरी गणित, फक्त आता कवचाआडून.

२६/
‘लिंगनिदान’ हा शब्द मराठी वाचक सहजपणे उच्चारू शकत नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा भारतात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. तिथे मुलगी नकोशी होती, इथे नर नकोसा आहे. माणूस आणि कोंबडी यांची तुलना करण्याचे कारण नाही. पण एक साम्य नजरेआड करता येत नाही: ओळखण्याची वेळ जितकी अलीकडे येते, तितका ‘नको’ म्हणण्याचा निर्णयही अलीकडे येतो.

अंड्यातल्या तपासणीने जिवंत पिल्लाच्या वेदना टळतात, हे मोठे पाऊल आहे. नर नकोसा का झाला, हा प्रश्न मात्र तिने सुटत नाही.

२७/
त्या प्रश्नाचे एक जुने उत्तर परसदारात अजून शिल्लक आहे. गावठी कोंबडी अंडी कमी देते आणि तिच्या अंगी मांसही बेताचेच भरते. पण तिच्या भावाला बाजार असतो. गावठी कोंबड्याला आजही चांगला भाव मिळतो, म्हणून डालग्याखालच्या पिल्लांत नर किती, या चिंतेने कोणी रात्र जागवत नाही. तुरा लाल होईपर्यंत थांबता येते. ही व्यवस्था शहरांची अंड्यांची भूक भागवू शकणार नाही, हेही तितकेच खरे. स्वस्त अंडे आणि वाट पाहणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

२८/
थोडक्यात हा प्रवास असा:

▪️ ॲरिस्टॉटल आणि कॉलुमेला: अंड्याच्या आकारावरून, दोन्ही अंदाज चुकीचे
▪️ परसदार: पाच-सहा आठवड्यांनी तुरा, तीन महिन्यांनी पिसे, शेवटी आरव
▪️ बर्टहोल्ड, १८४९: तुरा का वाढतो याचे उत्तर
▪️ पनेट: पिल्लाच्या रंगावरून
▪️ मासुई आणि हाशिमोतो: पहिल्याच दिवशी, बोटांच्या कौशल्याने
▪️ आजचा जर्मनी: अंडे फुटण्यापूर्वी

घरात वडीलधारी माणसे असतील, तर त्यांना एकदा विचारून पाहावे: पिल्लू पाहून कोंबडा की तलंग हे आपल्याकडे कशावरून ओळखत? जे उत्तर मिळेल ते गाव आणि तालुक्यासह लिहून ठेवावे. खुराड्यातले हे ज्ञान सहसा कोणत्याही दप्तरात सापडत नाही. सांगणारा गेला की तेही जाते.